पावलाला पाऊल लावून

सोमवार, १२ सप्टेंबर १९५५. एक्स-रेची फी पंधरा रुपये बारा आणे, आणि तो काढायला तंजावरला जायचे. डॉक्टर शंकरनारायणन यांनी हे चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी वसंताच्या नवऱ्याच्या, नटराजरावांच्या, हाती देता देता परत घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. वसंताला इंग्रजी फारसे येत नव्हते. पण त्या ओळीतली दोन अक्षरे तिला खुर्चीवरूनही वाचता आली. थोरल्या बहिणीच्या, सरोजाच्या, कागदांवर ती दोन अक्षरे तीन वर्षे पाहून तिला पाठ झाली होती. टी आणि बी. इथे त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह होते. सरोजाच्या कागदांवर ते नसे.

"खात्री आहे असं मी म्हणत नाही," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. वयाने ते तिशीच्या आतबाहेरचे, दवाखान्याच्या पाटीचा रंग अजून ताजा. "पण रावजी, तुम्हीच बघा. पाच आठवडे पूर्ण विश्रांती दिली. साधी लचक असती तर आतापर्यंत उतरली असती. इथे दुखणं वाढतंच आहे. त्यात हा ताप."

नटराजरावांनी आणलेला तापाचा कागद टेबलावर पसरलेला होता. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून, म्हणजे आठ ऑगस्टपासून, रोज संध्याकाळी सहाला त्यांनी वसंताच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवले होते आणि तारखेपुढे आकडा लिहिला होता. बहुतेक दिवस ताप नव्हता. अधूनमधून मात्र नव्व्याण्णवच्या वर चार रेषा, कधी पाच.

"संध्याकाळचा बारीक ताप, घरात क्षयाचं माणूस होऊन गेलेलं, आणि हा सांधा." डॉक्टरांनी उभे राहून स्वतःच्याच पाठीवर, कमरेच्या खाली, अंगठा टेकवला. "कणा खाली येतो तो एका पाचरीसारख्या हाडावर संपतो. ती पाचर दोन बाजूंच्या कमरेच्या हाडांमध्ये बसलेली असते. डावीकडच्या जोडावर यांचं दुखणं आहे. क्षय हाडात शिरला तर अशा जागा धरतो."

"आणि तसं निघालं तर?" नटराजरावांनी विचारले.

"सॅनटोरियम. प्लास्टर घालून निजवून ठेवतात. वर्ष, दीड वर्ष."

"मूल?" वसंताने विचारले. त्या दिवशी दवाखान्यात ती बोलली तो हा एकच शब्द.

डॉक्टरांनी पेन टोपणात घातले. "मूल जवळ ठेवता येणार नाही, अम्मा. अंगावरचं दूधही बंद करावं लागेल."

भवानी त्या दिवशी चार महिने सात दिवसांची होती.

*

वसंता मूळची तंजावरची. तिचे आजोबा राजवाड्याच्या पेन्शनीवर जगले, वडिलांना पेन्शन नव्हती म्हणून त्यांनी शाळामास्तरकी केली. घरात दोन मुली, सरोजा आणि वसंता. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ती मराठी अशी की एकदा पुण्याचे पाहुणे आले होते, ते मुलींचे बोलणे ऐकून हसू दाबत राहिले आणि जाताना म्हणाले की तुमच्याकडे पेशव्यांच्या आधीची माणसे राहतात.

सरोजा चोविसाव्या वर्षी गेली. सॅनटोरियममध्ये तिला भेटायला जायचे तेव्हा तिचा मुलगा कुंपणाबाहेर उभा करायचे. ती खाटेवरून हात हलवायची. तो दीड वर्षाचा, कोणाला हात हलवायचा हे त्याला कळत नसे. तो भलत्याच बाईकडे बघून हसायचा. वसंता तेव्हा सतरा वर्षांची होती आणि ते हसणे तिने पाहिले होते.

अठराव्या वर्षी लग्न होऊन ती कुंभकोणमला आली. नटराजराव पितळी भांड्यांच्या मोठ्या दुकानात कारकून. माणूस शांत, अक्षर स्वच्छ, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारा. सासरे नव्हते. सासू अंबाबाई चार माणसांना पुरून उरतील अशा. पण सुनेला त्यांनी कधी दुखवले नाही. पहिले मूल चौथ्या महिन्यात गेले, दुसरे सहाव्यात. दुसऱ्या खेपेला शेजारणीने "पोट टिकत नाही वाटतं," असे म्हटले, तर अंबाबाई तिला म्हणाल्या, "तुझी जीभ टिकते ना, तेवढं पुरे."

तिसऱ्या खेपेला तिसरा महिना लागला तसे अंबाबाई सुनेला घेऊन बसने तिरुक्करुगावूरला गेल्या. गर्भाचे रक्षण करणारी देवी तिथली. मुलासाठी बायका लांबलांबून येतात. देवळातून मिळालेल्या तुपाचा डबा पदराखाली धरून त्या सुनेला म्हणाल्या, "हवं ते माग गे. फेडता येईल तेवढंच बोल. आणि फिटेपर्यंत कोणाला सांगू नकोस. मलाही नाही. आमच्या घराण्यात नवस बोलून दाखवला की फुटतो. विचारणाराला आणि सांगणाराला, दोघांनाही दोष."

वसंताने डोळे मिटले आणि बोलली. मूल जिवंत हाती आले तर एकशे आठ अडिप्रदक्षिणा घालीन, घराजवळच्या अम्मनदेवीच्या देवळात, तुझे नाव घेऊन.

अडि म्हणजे पाऊल. ही प्रदक्षिणा चालून होत नाही. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा भिडवायचा, मध्ये बोटभर जागा ठेवायची नाही, आणि असे पावलाला पाऊल लावून सगळा प्राकार, गाभाऱ्याभोवतीचे फरसबंद आवार, मोजायचा. पाऊल बाजूला पडले की ती फेरी बाद. त्यांच्या गल्लीच्या टोकाच्या देवळाची एक फेरी वसंताच्या पावलांनी दोनशे चौऱ्याऐंशी पावले भरे.

पाच मेला भवानी झाली. बाळंतपण लांबले, दोन दिवस गेले, पण मूल रडले आणि आईने ऐकले. चाळीस दिवस पुरे झाल्यावर, एकवीस जूनच्या मंगळवारी, तिने पहिल्या तीन फेऱ्या घातल्या. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन. देऊळ दुपारी चारला उघडे. ती देवीला दिवा लावायला म्हणून जाई, भवानी आजीजवळ राही. देवघराच्या फळीवर तिने दोन डब्या ठेवल्या होत्या. एकीत एकशे आठ चिंचोके मोजून घातले होते. घरी आली की तीन चिंचोके दुसरीत टाकायची.

दुखणे जुलैत सुरू झाले. पाठीच्या तळाशी दोन बाजूंना दोन खळगे असतात, त्यातल्या डाव्या खळग्यात कोणी बोट खुपसून धरावे तसे. कुशीवर वळताना, पायरी चढताना, एका पायावर उभे राहून लुगडे सावरताना. देवळात पाऊल पुढे टाकताना सगळ्यात जास्त. दोन वेळा तर जाताच आले नाही. त्या दोन दिवसांच्या सहा फेऱ्या मागे पडल्या. पण वसंताला त्या दुखण्याचे नवल वाटले नाही. देवीने मूल दिले होते, आणि आता ती मोजून घेत होती, इतकेच तिला वाटले. फुकट काय मिळते?

आठ ऑगस्टला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तेव्हा घागर, वरवंटा, विहीर हे सगळे अंबाबाईंनी आपल्याकडे घेतले. देवीच्या दिव्याला जाऊ नको असे कोणी म्हटले नाही. गल्लीच्या टोकाला तर जायचे. डॉक्टरांनी विचारले तेव्हा नटराजराव खरे तेच बोलले: "घरातून हलत नाही. देवळात दिवा लावून येते, तेवढंच."

*

दवाखान्यातून परतल्यावर वसंताने मुलीला पाजले. भवानीला पिता पिता आईच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरायची सवय होती. त्या दिवशी तिने ती इतकी घट्ट धरली की वसंताला ती सोडवावी लागली.

दुसऱ्या खोलीत मायलेकांचे बोलणे चालले होते.

"एक्स-रे होऊ दे आधी," अंबाबाई म्हणाल्या.

"आई, त्यांनी लिहून दिलंय."

"लिहिलंय ते खरं असतं तर दवाखान्यात पुजारी बसवले असते. होऊ दे म्हणते ना." मग आवाज खाली आला. "गाईचं दूध कोणाकडचं चांगलं, ते मात्र बघून ठेव."

वसंताने ते ऐकले. संध्याकाळी फळीवर तिला पालाडै दिसली, तान्ह्या मुलाला दूध पाजायची ती चोचीची वाटी, आपण जिला बोंडले म्हणतो ती. अंबाबाईंनी चिंचेने घासून लखलखीत करून ठेवली होती. नटराजरावांच्या वेळची. ती तिथे का आली हे कोणी बोलले नाही.

वसंताने दुसऱ्या डबीतले चिंचोके मोजले. सहासष्ट. बेचाळीस राहिल्या होत्या.

तिचा हिशोब सरळ होता. नवस अर्धवट आहे, म्हणून देवीने बोट दाखवले. लवकर फेडला तर लवकर सुटेन. एक्स-रेचा कागद हाती यायच्या आत जितक्या होतील तितक्या. मंगळवार-शुक्रवारची वाट बघायला आता सवड नव्हती.

मंगळवारी तिने तीन घातल्या. बुधवारी तीन. गुरुवारी तीन. रोज संध्याकाळी सहाला नटराजराव थर्मामीटर झटकून उभे असत. नव्व्याण्णव आणि चार. नव्व्याण्णव आणि पाच. नव्व्याण्णव आणि सहा. ते आकडा लिहीत, कागदाची घडी घालत आणि अंगणात जाऊन उभे राहत.

शुक्रवारी दोघे आगगाडीने तंजावरला गेले. थंडगार फळीवर तिला उताणी निजवले, श्वास धरायला सांगितला, सोडायला सांगितला. "पुढच्या गुरुवारी या," तिथला माणूस म्हणाला. परतताना गाडीत दूध भरून येऊन तिची चोळी भिजली आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. एका दिवसाने आटत नाही, तिला वाटले. आटवायला किती दिवस लागत असतील? सरोजाला विचारायला हवे होते.

शनिवारी तिने पुन्हा तीन फेऱ्या घातल्या. अठ्ठ्याहत्तर.

*

देवळाच्या दारात सुब्बलक्ष्मी फुले विकायला बसत असे. पन्नाशीची, पानाने लाल झालेले तोंड, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर काहीतरी बोलल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तीन महिने ती वसंताला पाहत होती.

"रावजींच्या घरची अम्मा," रविवारी ती म्हणाली, "जमीन मोजायची इतकी हौस आहे तर मोजणी खात्यात नोकरी कर की. पगार तरी देतील."

वसंता हसली आणि आत गेली. चतुर्थी तोंडावर आली होती. बायका गणपतीच्या खरेदीत होत्या, प्राकारात कोणी नव्हते. दगड चारच्या उन्हाने तापलेले होते. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर वळताना तिने उजवे पाऊल टेकले आणि मागचे डावे उचलायला गेली. ते उचलले गेले नाही.

ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला. कमरेत असे काही झाले की तिच्या डोळ्यांपुढचा गोपुराचा कळस हलला. डाव्या पायाला ती सांगत होती आणि पाय ऐकत नव्हता. पाऊल बाजूला टाकून, भिंतीला धरून, बसता आले असते. पण मग फेरी बाद. एकशे बेचाळीस पावले झाली होती. ती तशीच उभी राहिली, एका पावलापुढे दुसरे, हाताला धरायला कुठे काही नाही. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. घरी भवानीची प्यायची वेळ होत आली होती. देवी, एकच पाऊल. एकच.

दारातून सुब्बलक्ष्मी पाहत होती. थोडा वेळ तिने पाहिले, मग टोपली बाजूला सारून ती आत आली.

"काय ग, खांब झालीस का?"

"हात लावू नका," वसंता म्हणाली. "फेरी मोडेल."

"तू मोडायला लागलीस, ते दिसत नाही. देवी काय पळून जाते आहे? मी इथे वीस वर्षं बसते, तिला गाभाऱ्याबाहेर पडलेली पाहिली नाही." असे म्हणून तिने वसंताच्या काखेत हात घालून तिला उचललेच. डावा पाय लोंबकळत बाजूला पडला आणि दुसरी फेरी बाद झाली.

*

सुब्बलक्ष्मीने तिला घरापर्यंत आणले, जवळजवळ पाठीवर घेऊन. ओसरीवर नटराजराव उठून उभे राहिले. "काय झालं?"

सुब्बलक्ष्मी तोंड उघडणार, तोच अंबाबाई पुढे आल्या. "देवळाच्या पायरीवरून पाय घसरला असेल. ओलं असतं तिथं," त्या भराभर म्हणाल्या आणि फुलवालीला हाताला धरून दाराकडे वळवले. सुब्बलक्ष्मीने एकदा या सासूकडे पाहिले, एकदा त्या सुनेकडे, आणि पानाची पिंक टाकायला निघून गेली. वसंताला नवल वाटले. देवळाच्या पायऱ्या आठ दिवस कोरड्या होत्या.

डॉक्टर आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्यांनी तिला चटईवर उताणी निजवले, डावे पाऊल उजव्या गुडघ्यावर ठेवले आणि डावा गुडघा हळूच खाली दाबला. वसंता ओरडली. पाळण्यात भवानी दचकली आणि रडू लागली. डॉक्टरांनी तापाचा कागद मागून घेतला. मंगळवारपासून, तंजावरचा एक दिवस सोडला तर, रोज ताप.

"आता रोज येतो आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "एक्स-रेची वाट बघून वेळ घालवण्यात अर्थ नाही, रावजी. जागा मिळायलाच महिना जातो. मी उद्या सॅनटोरियमला पत्र टाकतो. आणि मुलीचं अंगावरचं आजपासून बंद करा. तो धोका मी पत्करणार नाही."

नटराजरावांनी मान हलवली. अंबाबाई उठल्या, आत गेल्या. आतून दूध ओतल्याचा आवाज आला. त्या पालाडै घेऊन बाहेर आल्या आणि रडणाऱ्या भवानीला त्यांनी मांडीवर घेतले. चोच तिच्या ओठांना लावली. भवानीने तोंड फिरवले. पुन्हा लावली. दूध गालावरून मानेत गेले. मुलीची मूठ हवेत काहीतरी शोधत होती; शेवटी तिला आजीच्या लुगड्याचा काठ सापडला. तिने तो घट्ट धरला आणि ती गप्प झाली.

कुंपणाबाहेरचे ते हसणे वसंताला दिसले. भलत्याच बाईकडे बघून हसलेले.

बोलले तर नवस फुटेल, आणि ज्या मुलीसाठी बोलला तिच्यावर जाईल. न बोलले तर मुलगी राहील, पण हात कोणाला हलवायचा हे तिला कळणार नाही. वसंताने देवघराच्या फळीकडे पाहिले. डॉक्टर पिशवी बंद करत होते.

"मी विश्रांती घेतलेली नाही," ती म्हणाली.

कोणालाच ते नीट कळले नाही.

"एक दिवसही नाही. मी अडिप्रदक्षिणा घालते आहे. जूनपासून. एकशे आठ बोलले होते. एकोणऐंशी झाल्या."

डॉक्टर उभे होते ते खाली बसले. "अडिप्रदक्षिणा? या सांध्यावर?"

"दिव्याला जायचे तेव्हा. आधी मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही ते लिहून दिल्यापासून रोज."

"मंगळवार, शुक्रवार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा उचलला. "रावजी, यात वार का नाहीत?"

"तारीख लिहिली की वार आलाच, असं मला..."  नटराजरावांनी भिंतीवरचे, दुकानातूनच मिळालेले कॅलेंडर खिळ्यावरून काढले आणि चटईवर ठेवले. दोघे पुरुष त्यावर ओणवे झाले. नऊ ऑगस्ट, ताप, मंगळवार. बारा, ताप, शुक्रवार. सोळा, मंगळवार. एकोणीस, शुक्रवार. नटराजरावांचे बोट आकड्याआकड्यावरून फिरत होते आणि कागदावरच्या एकाही तापाला ते बुधवारी वा रविवारी थांबले नाही, या शेवटच्या आठवड्यापर्यंत.

"चारला तापल्या दगडावर पाऊण तास असं चालायचं, दात आवळून," डॉक्टर म्हणाले, "आणि सहाला यांनी थर्मामीटर लावायचं. मलासुद्धा ताप येईल, अम्मा, तुमचं काय घेऊन बसलात."

 अंबाबाईंनी पालाडै खाली ठेवली होती.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"आई!"

"चिंचोके दिसत होते ना रे. एक डबी रिकामी होत चालली, दुसरी भरत. काय आहे ते न कळायला मी काय आंधळी?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नवस फुटला असता."

"आणि न विचारल्यानं काय व्हायची वेळ आली?"

 भवानीला उचलून अंबाबाईंनी वसंताच्या कुशीत ठेवले आणि डॉक्टरांकडे बघितले. "आता?"

  मूल पोटात असताना कमरेचे हे सांधे धरून ठेवणारे बंध सैल पडतात, डॉक्टर म्हणाले, बाळाला वाट मिळावी म्हणून; आणि पुन्हा आवळायला महिने लागतात. एरवी हा सांधा हलतो न हलतो. पण एकाच रेषेत पाऊल टाकायला कमर दर वेळी पिळावी लागते. एका बाजूचं हाड पुढे, दुसऱ्या बाजूचं मागे. आठशे-साडेआठशे वेळा.

"सांधा निवायच्या आत हलवला," नटराजराव स्वतःशी म्हणाले. भांड्यांचे दुकान त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. घागरीचे वरचे आणि खालचे अंग वेगवेगळे करून मधोमध डाक देऊन जोडतात. तो जोड निवेपर्यंत घागर कोणी हातात घेतली तर बाहेरून कळत नाही, पण ती जन्मभर झिरपते.

"तसंच काहीसं. पण हाडामांसाचा जोड पुन्हा आवळतो, पितळेचा नाही," डॉक्टर म्हणाले. "पत्र थांबवतो. काढून टाकत नाही, थांबवतो. गुरुवारी एक्स-रे बघू. तोवर यांनी चटई सोडायची नाही. दिव्यालासुद्धा नाही."

"आणि अंगावरचं?" वसंताने विचारले.

डॉक्टरांनी चटईकडे पाहिले. भवानीने आधीच मंगळसूत्राची वाटी धरली होती. "पाजा," ते म्हणाले. "चार दिवसांनी काय फरक पडायचा, तो आजवर पडलेलाच असेल."

*

ते चार दिवस त्या घराने कसे काढले ते सांगायचे तर थोडक्यात एवढेच, की मंगळवारी सकाळी भवानी शिंकली. दोन वेळा. दुपारी तिचे कपाळ कोमट लागले. वसंताने अंबाबाईंकडे पाहिले, अंबाबाईंनी नजर चुकवली. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती आणि आता ती बोलायला बंदी नसूनही दोघी बोलल्या नाहीत. नवस फुटला होता. अंबाबाई तासातासाने नातीच्या मानेला हात लावत होत्या. चतुर्थीचा नैवेद्य घरात झाला, पण बराचसा पानांत तसाच राहिला. बुधवारी मुलीचे नाक वाहू लागले. गुरुवारी सकाळी तिने पोटभर दूध पिऊन आजीच्या अंगावर ओकले आणि खुदकन हसली.

"मेली," अंबाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

नटराजराव त्याच दिवशी तंजावरहून चारच्या सुमाराला परतले. काळी फिल्म त्यांनी दुकानातल्या जाड खाकी कागदात गुंडाळून छातीशी धरली होती. डॉक्टरांनी ती दवाखान्याच्या खिडकीत उजेडासमोर धरली. नटराजरावांना त्यात धुके दिसले. डॉक्टर खूप वेळ बघत राहिले, पेन्सिलीचे टोक एका जागी नेऊन पुन्हा दुसऱ्या जागी नेत.

"हाड खाल्लेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "डावीकडची फट उजवीपेक्षा किंचित रुंद आहे, बस. पण सुरुवातीला क्षय फिल्मवर दिसतोच असं नाही. डिसेंबरात पुन्हा काढायचा."

म्हणजे भीती गेली नाही. तिला तीन महिन्यांची मुदत मिळाली. अंबाबाईंच्या जुन्या लुगड्याची रुंद पट्टी फाडून ती वसंताच्या कमरेला बांधली गेली, बाळंतिणीचे पोट बांधतात तशी नव्हे, त्याच्या खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवरून आवळून. ती बांधायला अंबाबाई रोज सकाळी बसत आणि रोज विचारत, "काल इतकंच दुखत होतं की जास्त?" नटराजराव तापाचा कागद भरत राहिले. आता ते वार आधी लिहीत आणि तारीख नंतर. ऑक्टोबरात एकाही वारी ताप आला नाही. नोव्हेंबरात वसंता कुशीवर वळली आणि वळल्यावर तिच्या लक्षात आले की दुखले नाही. तिने कोणाला सांगितले नाही. आठ दिवस थांबून, खात्री करून, मग सांगितले.

डिसेंबरातली फिल्म स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी न टाकलेले पत्र टेबलाच्या खणातून काढून फाडले आणि अडिप्रदक्षिणेला मात्र वर्षभर बंदी घातली.

वर्ष संपायच्या सुमाराला वसंताला पुन्हा दिवस गेले, मुलगा झाला, आणि बंदी आपोआप पुढे सरकली. मध्येच एकदा अंबाबाईंनी देवळातल्या पुजाऱ्यांना, गुरुक्कलांना, गाठून विचारले की राहिलेल्या फेऱ्या साध्या चालून घातल्या तर चालतील का, किंवा मी घातल्या तर? गुरुक्कल भले माणूस, दोन्ही चालतील म्हणाले. अंबाबाईंनी घरी येऊन ते सांगितले.

"नको, आत्याबाई," वसंता म्हणाली. "बोलले होते तसंच देईन. मीच देईन."

"कधी गे?"

"देईन."

सुब्बलक्ष्मी अजून दारात बसते. वसंता मंगळवारी दिव्याला जाते, साध्या पावलांनी एक फेरी घालते, चार वर्षांची भवानी तिचे बोट सोडून पुढे पळते. डब्या फळीवर तशाच आहेत. नवस एकशे आठ प्रदक्षिणांचा. झाल्या एकोणऐंशी. एकोणतीस देणे आहेत.